रुग्ण तयार नाही

माझ्या अक्षरातली एक ओळ माइकवरून वाचून दाखवली गेली, तेव्हा मी दुसऱ्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलो होतो. थेरगावातल्या एका विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम चालू होता. वंदना झाली होती, भन्तेजींचं बोलून झालं होतं आणि आता एकेक जण उठून गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द सांगत होता. गेलेला माणूस माझा पेशंट. त्याच्या बायकोचा भाऊ उठला. घरातले सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणतो. मामांनी खिशातून घडी घातलेली झेरॉक्स काढली.

"मी माझ्या मनाचं बोलत नाही, मंडळी. हे डॉक्टरसाहेबांनी लिहिलेलं आहे आणि साहेब स्वतः इथं बसलेत. इंग्रजीत आहे, भाचीनं मला मराठी करून दिलं. 'पुढील तपासणीचा सल्ला दिला. रुग्ण तयार नाही.' ऐकलं का? तयार नाही! डॉक्टर सांगतायत आणि दाजी तयार नाहीत. हट्ट! हट्टापायी गेला आमचा माणूस."

हॉलमधल्या माना हलल्या. कोणीतरी माझ्याकडं वळून पाहिलं, आणि त्या पाहण्यात सहानुभूती होती.

पहिले काही क्षण मला वाटलं, हे दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतायत. मग लक्षात आलं की ओळ माझी आहे. ती मी लिहिली होती. पण तो माणूस मेल्यावर.

एवढं वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली. आता पुढचं लिहितो.

डांगे चौकापासून चालत पाच मिनिटांवर माझा दवाखाना आहे. संध्याकाळच्या ओपीडीला येणारे बहुतेक जण कंपन्यांत काम करणारे, त्यांच्या घरचे, आणि आसपासच्या गावांतले जुने लोक. माझ्याबद्दल बोललं जातं ते एवढंच की डॉक्टर कमी बोलतात, पण हातगुण आहे. कमी बोलतो हे खरं. कारण मात्र लोकांना वाटतं ते नाही. समोरच्याला नेमकं काय झालंय हे मला पुष्कळदा कळलेलं नसतं, आणि न कळलेलं झाकायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे कमी बोलणं. "पित्त आहे." "अंगात कसर आहे." "व्हायरल आहे." दोन शब्द, खाली सही. माणूस निर्धास्त होऊन जातो. बहुतेक वेळा तो आपोआप बरा होतो आणि श्रेय माझ्या हाताला मिळतं. मी ते घेत आलो.

कंपनीच्या लोकांना औषधापेक्षा कागद जास्त लागतो. आजारी म्हणून रजा पडली की दुसऱ्या दिवशी गेटवर फिट असल्याचा दाखला दाखवावा लागतो, नाहीतर आत घेत नाहीत. त्या छापील फॉर्मवर शेवटी दोन शब्द असतात, फिट आणि अनफिट. नको असेल त्यावर काट मारायची. दिवसाला असे चार-पाच तरी फॉर्म माझ्या टेबलावर यायचे. काट मारताना मी वर पाहायचोही नाही.

तो माणूस त्या दिवशी यायच्या दोन-तीन आठवडे आधी एक प्रसंग घडला होता. तो सांगायला हवा, कारण त्यानंच माझा हात धरला. चऱ्होलीचे एक म्हातारे माझ्याकडं यायचे. जमिनीवर आता बिल्डिंगा झाल्यात, पण बोलणं अजून बांधावरचं. त्यांच्या छातीत दुखलं, मला शंका आली, मी त्यांना चिंचवडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथं काही निघालं नाही. परत आल्यावर त्यांनी भरल्या ओपीडीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं सुरू केलं:

"आवो डाक्टर, काय न्हाई निगालं! दोन दिस नळ्या लावून पडलू. बायकू रडती, सून रडती, ल्योक सुट्टी काडून आला. आन् तिथला डाक्टर म्हंतो, बाबा, गॅस हाय. म्या म्हनलं, आमच्या डाक्टरला गॅस आन् हार्ट वळखू यीना व्हय!"

सगळी ओपीडी हसली. माझी रिसेप्शनवरची बाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. मीही हसलो. म्हातारा मनानं वाईट नव्हता, त्याला आपण जिवंत असल्याचा आनंद झाला होता. मला मात्र ते हसणं कित्येक दिवस पुरलं.

तर तो सोमवार.

ते संध्याकाळी सहाच्या सुमारास आले. पन्नाशीला टेकलेले, सडपातळ, इस्त्रीचा कंपनीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते, तयार झालेले पार्ट तपासायचे. दहा-अकरा वर्षं माझ्याकडं येत होते. पथ्य सांगितलं तर खिशातली छोटी वही काढून लिहून घेणारे. एकदा मी गोळी 'जेवणानंतर' म्हणालो तर त्यांनी विचारलं होतं, "जेवणानंतर म्हणजे किती मिनिटांनी, डॉक्टर?"

"शनिवारी सेकंड शिफ्टला जळजळ झाली. इथं." त्यांनी छातीच्या मधोमध तळहात ठेवला. बोट नाही ठेवलं, अख्खा तळहात ठेवला. ते मी पाहिलं.

"काय खाल्लं होतं?"

"कॅन्टीनची मिसळ."

"मग बरोबर आहे."

"पण जिना चढताना झाली. थांबलो की थांबली. घाम पण आला."

"उकडतंय किती सध्या," मी म्हणालो.

आज सकाळी बरं वाटत नव्हतं म्हणून ते शिफ्टला गेले नव्हते. उद्या फर्स्ट शिफ्ट. फॉर्म बरोबर आणला होता, स्वतःचं नाव, कंपनीतला तिकीट नंबर सगळं सुवाच्य भरून.

मी आतल्या कॉटवर झोपवून ईसीजी काढला. खालच्या दोन-तीन लीडमध्ये किंचित काहीतरी होतं. ते त्यांचं जुनं, नेहमीचं असेल, किंवा आजचं, नवं असेल. ताडून पाहायला आधीची पट्टी नव्हती. अशा वेळी काय करायचं हे नव्यानं दवाखाना टाकलेल्या डॉक्टरलाही माहीत असतं. मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचं, रक्त तपासायचं, काही तासांनी पट्टी पुन्हा काढायची. माझा अंदाज पित्ताकडं झुकत होता. तो अंदाज अगदी वेडगळ नव्हता, असं मी आजही म्हणेन. पण तो अंदाज होता, आणि हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

शर्टाची बटणं लावत ते म्हणाले, "डॉक्टर, नक्की काही नाही ना? तुम्ही म्हणत असाल तर आत्ता जातो मोठ्या हॉस्पिटलला. गाडी बाहेरच आहे. मिसेसला फोन करून सांगतो, ती येईल."

मी पट्टीकडं बघत राहिलो. त्यांना वाटलं, मी ऐकलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. "जाऊ का?"

मी काही बोलत नाही म्हटल्यावर तेच हसून म्हणाले, "आमच्याकडं बरं असतं, डॉक्टर. तीन डबे. ओके, रिजेक्ट आणि मधला पिवळा, होल्डचा. डाउट आला की पार्ट पिवळ्यात टाकायचा. लाइनवाले बोंबलले तरी बोंबलू द्यायचं. तुमच्यात नसतो का पिवळा डबा?"

"माणसाला कुठं ठेवणार होल्डवर?" मी म्हणालो, आणि आम्ही दोघंही हसलो.

बाहेर बाकावर दहा-बारा माणसं बसली होती. माझ्या कानात त्या चऱ्होलीच्या म्हाताऱ्याचं बोलणं घुमत होतं. याला पाठवलं आणि याचंही काही निघालं नाही, तर हाही येईल आणि सांगेल. हा हसणार नाही, वहीत लिहून ठेवेल. ते मला जास्त लागेल. खरंच एवढाच विचार होता. एका माणसाच्या जिवापुढं मी माझं हसं व्हायची शक्यता ठेवली आणि हेच पारडं जड भरलं.

"काही नाही. पित्त आहे," मी म्हणालो. "बिनधास्त कामावर जा."

अनफिटवर काट मारली, सही केली. त्यांनी फॉर्म दोनदा वाचला, घडी घातली, वहीत ठेवला. "बरं वाटलं, डॉक्टर," म्हणाले. "पोरगी नर्सिंगला आहे ना, ती सारखी मागं लागली होती. आता तिला सांगतो, डॉक्टर म्हणतात एकदम ओके."

बुधवारी पहिली शिफ्ट सुटायच्या थोडं आधी ते लाइनवरच खाली बसले. कंपनीच्या ॲम्ब्युलन्सनं नेलं, पण पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मला संध्याकाळी रिसेप्शनवरच्या बाईनं सांगितलं. मी "अरेरे" म्हणालो. ते "अरेरे" मी कोणत्या आवाजात म्हणालो असेन, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. मग आत बसलेला पेशंट संपवला, पुढच्याला थोडं थांबायला सांगितलं, दाराला कडी घातली आणि त्यांचा केसपेपर काढला.

औषधांची शेवटची ओळ आणि माझी सही यांच्यात बोटभर जागा होती. मी सही नेहमी खाली, जागा सोडून करतो. तेच पेन खिशात होतं. लिहिलं. आमच्या व्यवसायात ही ओळ इतकी नेहमीची आहे की ती लिहिताना विचार करावा लागत नाही. सल्ला दिला, रुग्ण तयार नाही. खरोखर तयार नसलेले शेकडो रुग्ण असतात, त्यांच्यासाठीच ती ओळ आहे. मी ती एका अशा माणसाच्या नावावर टाकली ज्यानं मला दोनदा विचारलं होतं, जाऊ का.

मला वाटलं होतं हात थरथरेल. थरथरला नाही. अक्षर नेहमीसारखं, सरळ आलं. माझ्याबद्दल मला बसलेला तो पहिला धक्का, आणि अजून तो उतरलेला नाही. मी कडी काढली आणि म्हणालो, "या, नेक्स्ट."

आठवड्यानं त्यांची मुलगी आली. नर्सिंगचं दुसरं वर्ष. कॉलेजमधून थेट आली होती, अंगावर युनिफॉर्म. कंपनीला शेवटच्या उपचारांचे कागद हवे होते. मी झेरॉक्स तयारच ठेवली होती. ती उभ्या उभ्या वाचायला लागली आणि तळाशी येऊन थांबली.

"सर, हे तुम्ही पप्पांना सांगितलं होतं?"

"हो."

"मग काय म्हणाले?"

मला ओळ लिहायची तयारी होती, बोलायची नव्हती. तोंडातून निघालं, "म्हणाले, बघू."

"मग फिट कसं दिलं तुम्ही?"

"हट्टच धरला त्यांनी. उद्या शिफ्ट आहे म्हणाले. मी तरी काय करणार?"

"पप्पांनी?" ती म्हणाली. "हट्ट?"

मी मान हलवली.

ती कागदाकडं बघत राहिली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "घरी येऊन मला म्हणाले, डॉक्टर म्हणतात एकदम ओके. मी पट्टी बघायला मागितली तर म्हणाले, डॉक्टरांकडंच राहिली. म्हणजे माझ्याशी खोटं बोलले."

त्या वेळी मी बोलू शकलो असतो. समोर खुर्ची होती, तिला बसवून, दार लावून. त्या मुलीचा बाप तिच्याशी अक्षरन् अक्षर खरं बोलला होता आणि ते जाणणारा जगात मी एकटा होतो. मी म्हणालो, "झालं ते झालं. आईला सांभाळ."

त्या झेरॉक्सचं पुढं काय झालं ते सुरुवातीला सांगितलंच आहे. मामांचं बोलून झाल्यावर संचालन करणाऱ्यानं मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी उठलो, माइकपाशी गेलो आणि म्हणालो, "शिस्तीचे होते." त्यापुढं काही आलं नाही. लोकांना वाटलं, डॉक्टर मोठ्या मनाचे, गेलेल्या माणसाला दोष देत नाहीत. जागेवर येताना एकानं हळूच पाठीवर थोपटलं. जेवणाच्या आधी वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, पांढऱ्या साडीत माझ्यासमोर आल्या आणि त्यांनी हात जोडले.

"सर, तुम्ही सांगितलं होतं, यांनीच ऐकलं नाही. तुमच्या मनाला लावून घेऊ नका. आम्हाला माफ करा."

मी त्यांना म्हणालो, "असू द्या."

असू द्या! हे शब्द मला आजही कुठंही ऐकू आले, भाजीवाल्यानं सुट्ट्या पैशांवरून जरी म्हटले, तरी मी दचकतो.

पुढचे चार महिने मी काय केलं, तर काही नाही. दवाखाना चालू होता. फॉर्म येत होते. काट मारायच्या आधी मी आता वर पाहायला लागलो होतो, बस. मुलगी रस्त्यात दिसली तर मान खाली घालून जायची. मला वाटायचं तिला कळलंय. तसं नव्हतं. तिला लाज वाटत होती, बापाची.

हे मला वहिनींनी सांगितलं. त्या रक्तदाब दाखवायला आल्या होत्या. मी दंडाला पट्टा बांधत होतो, आणि त्या म्हणाल्या, "सर, माझं सगळं कागदावर नीट लिहा. जे सांगाल ते करीन. मी यांच्यासारखी नाही."

मी फुगा दाबत राहिलो.

"पोरीनं त्यांचा फोटो काढून कपाटात टाकलाय," त्या सांगत होत्या. "म्हणते, आपल्याला फसवून गेले. आपली काळजी असती तर तपासून घेतलं असतं. त्यांचं नाव काढलं की ताटावरून उठते. बापाची एवढी लाडकी पोर, सर. मी तिला काय सांगू? कागदावरच लिहिलंय म्हणते."

पट्ट्यातली हवा सुटत होती, तिचा बारीक आवाज येत होता. मी आकडा पाहिला नाही.

"वहिनी, ती ओळ मी नंतर लिहिली."

"नंतर म्हणजे?"

"ते गेल्यावर."

त्यांना कळलं नाही. त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "मग सांगितलं कधी होतं?"

"सांगितलंच नव्हतं. मी म्हणालो, पित्त आहे, कामावर जा. ते जायला तयार होते, वहिनी. त्यांनी विचारलं होतं, मोठ्या हॉस्पिटलला जाऊ का म्हणून. दोनदा विचारलं होतं. मी नको म्हणालो."

मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या माझ्याकडं पाहत राहिल्या. चेहऱ्यावर राग आला नव्हता, तिथं काहीच आलं नव्हतं. जिन्याची एक पायरी कमी आहे हे कळल्यावर पाय जसा हवेत राहतो, तसं ते पाहणं होतं. मग त्यांनी स्वतःच दंडावरचा पट्टा ओढून काढला. टर्रकन आवाज झाला.

"आणि मी तुम्हाला हात जोडले," त्या म्हणाल्या.

त्या उठल्या, पण लगेच घरी जाऊ शकल्या नाहीत. बाहेर बाकावर, वाट पाहणाऱ्या पेशंटांमध्ये, पर्स मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिल्या. रिसेप्शनवरची बाई विचारायला आली, "पुढचा सोडू का, डॉक्टर?" मी नको म्हणालो. त्या दिवशी मी नंतर कोणालाच तपासलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. बसली नाही.

"ओरिजिनल दाखवा."

मी केसपेपर पुढं केला. तिनं मोबाइलमध्ये फोटो काढले, चारपाच, जवळून, लांबून.

"ही ओळ?"

"हीच."

"आणि 'बघू'? ते पण तुमचंच?"

"माझंच."

"आणि हट्ट?"

ती बराच वेळ खिडकीकडं तोंड करून उभी होती. वळली तेव्हा आवाज अगदी शांत होता, आणि त्या शांतपणाची मला भीती वाटली.

"तुमचा अंदाज चुकला, ते मी एक वेळ समजू शकते, सर. वॉर्डात रोज बघते मी, चांगल्या चांगल्यांचे चुकतात. पण 'मला नक्की माहीत नाही' एवढं म्हणायला काय जात होतं तुमचं? ते गेले असते हो. 'डॉक्टरांना डाउट आहे' एवढं कळलं असतं ना, तर पळत गेले असते. डाउटवर तर त्यांचं पोट होतं."

याचं उत्तर माझ्याकडं होतं. लोक हसले असते. ते तिला सांगायची लाज वाटली, पण त्या दिवशी लपवायचं नाही असं ठरवलं होतं म्हणून सांगितलं. ऐकून ती हसली. हसली म्हणजे तोंड उघडलं आणि श्वास बाहेर गेला.

"तक्रार मी करणार आहे," ती म्हणाली.

"कर. मी लिहून देतो सगळं."

"ते वेगळं. मामांनी माइकवर वाचलंय. दोनशे माणसांनी ऐकलंय की माझे पप्पा हट्टी होते. ते तक्रारीनं पुसलं जाणार नाही. वर्षाचा कार्यक्रम त्याच हॉलमध्ये आहे. तुम्ही यायचं आणि माइकवर सांगायचं. मला नाही, त्यांना."

तक्रार तिनं केली. मी काहीही न वगळता जबाब दिला आणि मूळ केसपेपर जोडला. माझ्या ओळखीच्या एका वकिलानं फोनवर मला वेड्यात काढलं: "ती ओळ हाच तुमचा बचाव होता, आणि तुम्हीच तो खोडताय?" त्यानंतर माझं काय झालं, किती दिवस दवाखाना बंद राहिला, कोण कोण तुटलं, ते माझ्यापुरतं आहे. आता दवाखाना पुन्हा चालू आहे. मी आता पेशंटला सांगतो, "मला नक्की कळत नाहीये. हे असू शकतं, ते असू शकतं. यातलं दुसरं असलं तर धोका आहे, म्हणून आजच तपासून घ्या." काही जण ऐकतात. काही जण तोंड वाकडं करून दुसऱ्या डॉक्टरकडं जातात, ज्याला नक्की कळतं. हातगुण गेला असं म्हणतात. जाऊ दे.

वर्षाच्या कार्यक्रमाला मी गेलो. फोटो पुन्हा समोर मांडला होता, पांढरी फुलं होती. मामा दारातच भेटले. त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. मुलीनं मुद्दामच सांगितलं नव्हतं, आईलाही बोलू दिलं नव्हतं. मामांनी "जयभीम, साहेब, या या" म्हणत मला पुढं नेऊन बसवलं. माझं नाव पुकारलं तेव्हा मी कागद काढला. न वाचता बोललो तर मी गुळगुळीत बोलेन, ही भीती होती.

मी वाचलं. मागच्या वेळी वाचलेली ओळ खोटी होती, ती मी त्यांच्या मृत्यूनंतर लिहिली. मला शंका होती आणि मी ती सांगितली नाही. ते जायला तयार होते, त्यांनी स्वतःहून विचारलं, मी अडवलं. घरी जाऊन ते मुलीशी जे बोलले ते खरं होतं. त्यांनी कोणाला फसवलं नाही. फसवलं ते मी, त्यांना आणि तुम्हा सगळ्यांना.

दोन मिनिटंही लागली नाहीत. मागं एका बाईनं शेजारणीला विचारलं, "काय म्हणाले गं? काय म्हणाले?" आणि शेजारीण तिला सांगायला लागली. ते कुजबुजणं रांगेरांगेनं पुढं येताना मला दिसत होतं.

मामा पहिल्या रांगेत होते. ते उठले तेव्हा मला वाटलं मारतील. त्यांनी माझी कॉलर धरली, पण धरून हात तसाच राहिला.

"माझ्या तोंडून," अखेर ते म्हणाले. "साहेब, मेलेल्या माणसाला माझ्या तोंडून शिव्या घालायला लावल्यात तुम्ही. माझ्या दाजीला. त्याच्याच फोटोसमोर. माझ्या तोंडून!"

"मामा, सोडा," कोणीतरी म्हणालं. "मामा, कार्यक्रम आहे आज."

"वर्षभर त्याला हट्टी म्हणतोय मी! पोरीसमोर म्हणतोय! अरे, कोणीतरी सांगा याला, माणूस आहे का हा कोण आहे!"

दोघांनी मिळून त्यांचे हात सोडवले. मी तसाच उभा होतो. वहिनी खाली बघत होत्या. एक म्हातारे गृहस्थ उठले, माझ्या खांद्याला हात न लावता, नुसतं दाराकडं बोट दाखवून म्हणाले, "डॉक्टर, आता तुम्ही निघा." मी निघालो.

बाहेर चपलांचा ढीग होता आणि त्यात माझे बूट सापडत नव्हते. मी वाकून शोधत होतो, तेवढ्यात आत माइक खरखरला. मुलीचा आवाज आला. मागच्या वेळी ती एक शब्दही बोलली नव्हती.

"पप्पांनी घरात मिठाच्या बरणीवर दोन रेघा मारल्या होत्या," ती म्हणाली. "वरची कमाल, खालची किमान. कंपनीत असतात तशा. मीठ खालच्या रेघेच्या खाली गेलं की आईला विचारायचे, मटेरियल का संपलं, कारण काय, उपाय काय."

मग कोणीतरी हसलं.

"आणि आईनं एकदा ती बरणी घासली. रेघा पुसल्या गेल्या. तर पप्पा म्हणाले, आता ऑडिटरला काय दाखवायचं?"

आता बरेच जण हसले, वहिनींचा आवाजही त्यात होता असं मला वाटलं, नक्की सांगता येत नाही. मला एक बूट मिळाला, मग दुसरा. मी पायऱ्या उतरून रस्त्याला लागलो तरी ती बोलतच होती.